1942 चा विमानी कंपास म्हणून 44,350 रुपयांना गंडवलं, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

टोकन 10,000, उरलेले 32,500, कुरियरचे 1,850. एकूण 44,350 रुपये मोजले आणि हातात आलं दीड-दोन हजारांचं पितळी शोपीस. जाहिरात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या हँड बेअरिंग कंपासची, म्हणजे हातात धरून दिशा मोजायच्या होकायंत्राची होती: सेल बसणारं काळं हँडल, वर प्रिझम, द्रव (स्पिरिट) भरलेली वाटी, लाकडी पेटी. फोटो अस्सल नगाचेच, कुठल्यातरी परदेशी लिलावातून उचललेले. त्यामुळे "फोटोवरून कळायला हवं होतं" असं मला कोणी ऐकवू नये. फोटोत खोट नव्हतीच.

खोट व्हिडिओत होती, आणि तेच राहून राहून डोक्यात जातं. नुसत्या डायलचा, अगदी जवळून घेतलेला व्हिडिओ. कंपास फिरवल्यावर कार्ड, म्हणजे दिशांच्या खुणा असलेली आतली तबकडी, झोपाळ्यासारखं इकडून तिकडे डोलत राहिलं. स्पिरिटमध्ये बुडालेलं कार्ड असं डोलत नाही. ते संथपणे वळतं आणि जवळपास थेट जागेवर थांबतं, कारण हलत्या विमानात वाचायचं असतं. वर विक्रेता म्हणतो, "बुडबुडा नाही बघा, मिंट पीस!" ऐंशी वर्षांत सील आकसतं, स्पिरिट झिरपतं, बुडबुडा बहुतेक दिसतोच. इथे नव्हता, कारण आत थेंबभरही द्रव नव्हता.

पैसे देण्याआधी उजेडातला, न कापलेला व्हिडिओ मागा. त्यात कंपास फिरवून कार्ड थांबेपर्यंत दाखवायला सांगा. स्क्रू चपट्या खाचेचे हवेत, फुलीचे नकोत. माझ्याकडे आलेल्या नगाच्या स्क्रूला चुंबक खटकन चिकटलं. कंपासच्या अंगावर लोखंडी स्क्रू कोण लावेल? अंधारात रात्रभर हिरवं चमकणारं डायल म्हणजे नवा रंग. जुन्या रेडियम रंगाची चमक कधीच मेलेली असते, किरणोत्सर्ग मात्र शाबूत असतो, तेव्हा काच उघडून खरवडू नका. मुकुट आणि त्याखाली 'ए.एम.' हा एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा शिक्का शोधा. पण शिक्का कोणीही कोरू शकतो, एवढ्यावर विसंबू नका. 'आरएएफ 1915' दिसलं तर सरळ उठा, आरएएफ म्हणजे ब्रिटिश हवाई दल 1 एप्रिल 1918 ला जन्मलं.

सोबत 'सरकारी अँटिक नोंदणी'चा कागदही होता. 1972 च्या कायद्यात अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात. 1942 च्या वस्तूची नोंदणी होईलच कशी?

आता यंत्रणेचं ऐका. पोलीस ठाण्यात उत्तर: "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." दाखवलं एक आणि पाठवलं दुसरंच, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात जायचं तर विक्रेत्याचा पत्ता हवा. पार्सलवरचा पत्ता खोटा. ज्या खात्यात पैसे गेले त्याचं केवायसी बँकेकडे आहे, ते पोलिसांनी मागायचं, आणि पोलीस गुन्हाच नोंदवत नाहीत. सामान्य माणसाने नुसतं टेबलांमधून फिरायचं! सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, पण लगेच; पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवायला काही उरत नाही. चॅट, व्यवहार क्रमांक, पार्सल फोडतानाचा व्हिडिओ, सगळं जपा.

तोच फोटो आता 39,000 ला फिरतोय. पेटीच्या झाकणावर डावीकडे तिरका ओरखडा आहे, बिजागरीजवळचा एक स्क्रू गायब आहे. दिसला तर टोकन देऊ नका.