बिनतळ्याचा धबधबा की तळ्यातला?

अंगणात शोभेचा छोटा धबधबा करायचा असेल आणि तिथं दोन-तीन वर्षांचं पोर खेळत असेल, तर मी बिनतळ्याच्या धबधब्याच्याच बाजूनं आहे. पाणी दगडांवरून खाली येतं आणि गोट्यांत जिरल्यासारखं दिसेनासं होतं. खाली खड्डा, त्यात पाणी जमिनीत जिरू न देणारा जाड लायनर, वर गोटे आणि कोपऱ्यात भोकं पाडलेल्या पिंपात सबमर्सिबल पंप. तेच पाणी पाइपनं परत वर जातं. उघडं पाणीच नाही, म्हणून पोर बुडायची धास्ती नाही. रात्री पंप बंद ठेवला तरी चालतं. आठवडाभर मात्र नको, फटींतल्या पाण्यात डास होतात.

खड्डा मोठाच घ्या. गोटेच जागा खातात. 1000 लिटरच्या खड्ड्यात पाणी जेमतेम 300-400 लिटर मावतं. उन्हाळ्यात ते झपाट्यानं आटतं आणि पंप कोरडा फिरला की जळतो. आमचा पहिला पंप एप्रिलमध्ये असाच गेला. बारीक खडी तर टाकूच नका, गाळानं गच्च बसते.

तळ्याचं सुख वेगळं: गप्पी मासे, पाण्यावर टेकणारे चतुर, कुमुदाची फुलं. गप्पी डासांच्या अळ्याही खातात. पण शेवाळ काढण्याचं काम मागे लागतं, आणि कुमुदाला पडत्या पाण्याचे शिंतोडे मानवत नाहीत. फुलांची हौस असेल, तर धबधब्यापासून लांबचा कोपरा त्यांना द्या.