गावचं रान राखायचंय, पण कोणत्या कायद्याखाली?

देवराई, मालकीचं रान किंवा गावामागचं जंगल कायद्याने राखून घ्यावं असं ग्रामसभेच्या मनात आलं, की चार नावं पुढ्यात येतात: संवर्धन राखीव क्षेत्र, समुदाय राखीव क्षेत्र, जैवविविधता वारसा स्थळ आणि सामूहिक वनहक्क. ऐकायला सगळी सारखीच वाटतात. म्हणून ठरावावर सह्या होण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. जमीन कोणाच्या नावावर आहे? आणि एकदा अधिसूचना निघाली की होकार-नकार देण्याचा अधिकार कोणाकडे राहणार?

संवर्धन राखीव क्षेत्र फक्त सरकारी जमिनीवर होतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने ही सोय आली. अभयारण्यांच्या कडेच्या किंवा दोन संरक्षित जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यांसाठी ती प्रामुख्याने वापरली जाते. 2020 मध्ये जाहीर झालेलं सिंधुदुर्गातलं तिलारी हे त्याचं चांगलं उदाहरण. सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र सह्याद्रीतल्या वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर आहे. गावांशी सल्लामसलत करणं सरकारला बंधनकारक आहे आणि व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. पण ही समिती मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देते, निर्णय घेत नाही. वाघाच्या वाटेसाठी हा मार्ग योग्यच आहे, पण तो गावाने निवडायचा नसतो. सरकारने तो निवडला, तर गावाने आपलं म्हणणं लेखी आणि वेळेत द्यायचं असतं.

समुदाय राखीव क्षेत्राचं तसं नाही. इथे जमीन खाजगी किंवा गावाच्या सामाईक मालकीची हवी, आणि मालकाने किंवा समाजाने आपणहून पुढे यायला हवं. समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले किमान पाच प्रतिनिधी असतात. वनखात्याचाही एक प्रतिनिधी असतो. म्हणजे गावाचं वजन खरोखर आहे. तरीही घाई करू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण अधिसूचनेनंतर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी अशी दोन्ही लागते. आज वडील खुशीने सही करतील, उद्या मुलाला तिथे काजू लावायचा असेल तर त्याचा हात अडेल. ही गोष्ट सगळ्या भाऊबंदांसमोर उघडपणे बोलली गेली पाहिजे. पण एकमत असेल तर या मार्गाची ताकद मोठी आहे. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं कोक्करेबेल्लूर 2007 मध्ये समुदाय राखीव झालं. तिथे चित्रबलाक आणि झोळीवाले पाणकोळी हे पक्षी लोकांच्या परसातल्या चिंचेवर घरटी करतात. विष्ठेने चिंचेचं पीक जातं, म्हणून झाडाच्या मालकाला वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि तीच विष्ठा खत म्हणून शेतात जाते. पक्षी असे दारात येऊन राहतात तेव्हा घरमालकाला धरूनच संरक्षण उभं राहू शकतं.

जागा लहान पण अनमोल असेल, तर जैवविविधता वारसा स्थळाचा विचार आधी करावा. जैवविविधता कायदा 2002 चं कलम 37 यासाठी आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात एक इवलासा मासा राहतो. 2020 मध्ये विज्ञानाला त्याची ओळख झाली, नदीचंच नाव त्याला मिळालं, आणि 2021 मध्ये जेमतेम दोन हेक्टरांची ती जागा वारसा स्थळ झाली. एवढ्याशा जागेसाठी अभयारण्य कोण करणार होतं? त्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे-हेवाळेची रानजायफळाची दलदलही जाहीर झाली. चिखलातून गुडघ्यासारखी वर येणारी मुळं असलेली ही झाडं गावाने देवराई म्हणून जपली, म्हणूनच ती आज उभी आहेत. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, लोकांनी स्वतःहून घातलेल्या मर्यादांपलीकडे त्यांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर बंधन येऊ नये. पूजा, जत्रा, पाणी भरणं चालू राहतं. उणीव म्हणाल तर मोठ्या क्षेत्राची राखण या चौकटीत अवघड जाते.

आणि वनहक्क. जमीन वनखात्याची असेल आणि गाव पिढ्यान् पिढ्या त्या जंगलावर जगत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा करा. बाकी तिन्ही मार्गांत गाव समितीच्या रूपाने सहभागी होतं. इथे जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्कच ग्रामसभेला मिळतो, आणि बांबू, तेंदूपाने यांसारखं गौण वनोपज विकण्याचाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर असा हक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा त्याच्या कितीतरी आधीची. तरीही बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती यायला 2011 उजाडलं. वेळ लागतो, कागद लागतात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. बिगर-आदिवासी वननिवासींना 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि अनेक दावे तिथेच अडकतात.

हल्ली खाजगी जमिनींवर 'कॉन्झर्व्हन्सी' असे फलकही दिसतात. नामिबियात 1996 च्या कायद्याने गावसमूहांना या नावाखाली वन्यजीवांवरचे आणि पर्यटनाच्या उत्पन्नावरचे हक्क दिले. आपल्या वन्यजीव कायद्यात मात्र असा वर्गच नाही. मालक चांगला असेल तोवर ते रान सुरक्षित, जमीन विकली की फलकाला काही अर्थ उरत नाही. अशा मालकाने समुदाय राखीवचा अर्ज करावा, एकट्या व्यक्तीलाही तो करता येतो.

गावात वनजमीन आणि देवराई दोन्ही असतील, तर एकच मार्ग धरण्याचं कारण नाही. वनजमिनीच्या गटांवर वनहक्काचा दावा आणि देवराईसाठी वारसा स्थळाचा प्रस्ताव, असं वेगवेगळं चालवता येतं. दोन्हींच्या आधी पंचायतीतली लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची वही, उघडून पाहा. ती शेजारच्या गावावरून उतरवलेली असेल तर जाणत्या म्हाताऱ्यांना, वैदूंना आणि गुराख्यांना बसवून नव्याने लिहा. तुमच्या रानात काय आहे हे प्रस्तावात दाखवताना त्याच नोंदी पुढे ठेवायच्या आहेत.