आईचं सेव्हिंग खातं: एक बँक सोडली, पोस्ट धरलं

बेळगावात टिळकवाडीतल्या एका प्रायव्हेट बँकेत आईचं खातं होतं, एसी हॉल, गोड बोलणं सगळं होतं, पण मिनिमम बॅलन्स दहा हजार आणि तिची पेन्शन आली की घरखर्चाला निघून जायची, मग पासबुक भरून आणलं तर ओळीनं चार्ज कापलेले, १७७, परत १७७, बघून आईचं तोंडच उतरलं की हो.

मला लई राग आला. आरबीआयचा नियमच आहे, बॅलन्स कमी पडला तर आधी कळवायचं, एक महिना द्यायचा, आणि या चार्जमुळं खातं मायनसमध्ये न्यायचं नाही. आम्हाला एक मेसेज पण आलेला नव्हता. अर्ज दिल्यावर निम्मे पैसे परत आले.

आता पोस्टात उघडलंय. ५०० रुपये ठेवले की बास, व्याज ४ टक्के. फॉर्म कन्नड-इंग्लिशमध्ये, आईला वाचता येईना, पण काउंटरवरच्या बाईंनी स्वतः मराठीत एकेक रकाना समजावून सांगितला, नॉमिनी लिहिलाय की नाही ते दोनदा विचारलं. गर्दी असते, सर्व्हर बंद पडतो, तासभर बसावं लागतं, ते खरंय. तरी पाच पैकी चार.

ज्यांना बँकच पाहिजे त्यांनी बेसिक सेव्हिंग खातं म्हणून स्पष्ट मागा, त्याला मिनिमम बॅलन्स लागत नाही, ते आपणहून सांगत नाहीत. आणि जुनं खातं नुसतं सोडून देऊ नका, लिहून देऊन बंद करा, पोच घ्या.