गावाला हातभार लावणारी सहल: 5 पैकी 3 तारे, त्यातले 2 वाटाड्याचे

सहल छान झाली हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी पाच दिवस तोंड पाडून बसले होते. डोंगर, हवा, रात्रीची झोप, सगळं उत्तम. खोली स्वच्छ, पांघरुणं धुतलेली, नळाला सकाळी गरम पाणी. त्याबद्दल तक्रार नाही.

पण ही सहल डोंगर दाखवायला विकतच नाहीत. जाहिरातीची पहिलीच ओळ होती, ‘तुम्ही आलात की गावातली गरिबी कमी होते.’ बत्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासलेल्या बाईला असलं वाक्य दाखवू नये. मी माझे आणि मैत्रिणीचे पैसे भरले आणि बॅगेत एक कोरी वही टाकली.

पहिल्या दोन दिवसांतच वहीत बरंच काही जमा झालं. पूर्ण रक्कम महिनाभर आधी कंपनीच्या खात्यात गेलेली. गाडी कंपनीची, चालक शहरातला. पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, साबण तर सोडाच, भाजीसुद्धा गाडीतून आली. आमच्या खिडकीतून भाजीचे मळे दिसत होते! विचारलं तर ‘दर्जा राखावा लागतो’ असं उत्तर. पर्यटनाचा अभ्यास करणारे याला गळती म्हणतात: प्रवाशाने भरलेला पैसा गावात पोचण्याआधीच बाहेरच्या बाहेर जिरतो. माझ्या अंदाजाने आमच्या रकमेचा पाव हिस्साही गावात उतरला नसेल.

त्याहून खटकलं ते वेगळंच. घरमालकीणबाईंना माणशी, रात्रीमागे ठरीव रक्कम मिळते, पण ती हातात पडते तीन महिन्यांनी. तोवर सरपण, किराणा, धुणं सगळं त्यांच्या पदरचं किंवा दुकानातल्या उधारीचं. कंपनी माझ्याकडून आगाऊ घेते आणि बाईंना मागाहून देते. म्हणजे मधल्या काळात कंपनीला बिनव्याजी कर्ज कोण देतंय? जिची गरिबी हटवायची आहे तीच. माझ्या नोकरीत असा हिशेब समोर आला असता तर मी लाल शाई काढली असती.

तिसऱ्या दिवसापासून मात्र सूत्रं गावातल्या वाटाड्याकडे आली आणि सहलीचा रंगच बदलला. त्याच्याकडे पाळीची वही आहे. पाहुणे कुणाकडे उतरणार हे ओळखीवर ठरत नाही, घरांची पाळी लागते. वहीत 11 घरं. मी सवयीने विचारलं, गावात घरं किती? साठाच्या आसपास. मग बाकीची? त्याने सरळ सांगितलं, ‘ज्यांच्याकडे जास्तीची खोली आणि चांगला संडास आहे, त्यांचीच नावं यात बसतात.’ खरंच की. जास्तीची खोली असलेलं घर गावातलं सगळ्यात गरीब घर नसतंच. पाहुण्यांच्या मुक्कामाने खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराला आधार मिळतो, तळाचं घर कोरडंच राहतं.

त्यावर त्याने आपल्या परीने तोड काढली आहे. सामान वाहायला तो मुद्दाम वहीबाहेरच्या घरांतली माणसं घेतो आणि त्याच संध्याकाळी, आमच्यासमोर, रोख मजुरी देतो. निघण्याआधी त्याने ताणकाटा काढून प्रत्येक बॅग तोलली. एका पाठीवर 20 किलोंच्या वर नाही. मैत्रिणीची बॅग 23 भरली. तिने जड बूट आणि दोन जाडजूड पुस्तकं मागे ठेवली, थोडं फुरंगटून. पेरूमध्ये माचू पिचूच्या वाटेवरच्या हमालांसाठी 2001 साली कायदा झाला, त्यातही हीच 20 किलोंची मर्यादा घातली होती. इथे कायदा नाही, एका पोराचा काटा आहे.

तळाच्या घरापर्यंत पोचायची दुसरी वाट म्हणजे पैसा मुळातच सगळ्यांसाठी बाजूला काढणं. रवांडात राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला 10 टक्के वाटा आसपासच्या वस्त्यांना जातो. 2017 पर्यंत तो 5 टक्के होता. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याची सोय होते, आणि पाण्याच्या टाकीला तुमच्या घरात खोल्या किती हे विचारावं लागत नाही. आमच्या कंपनीच्या पावतीवरही ‘ग्रामनिधी’ नावाची एक ओळ आहे. गावात तो निधी कुणाच्या ताब्यात आहे, हे चार जणांना विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

एक तारा निव्वळ शाळाभेटीसाठी कापला. चालू तास थांबवून मुलांना रांगेत उभं केलं, गाणं म्हणायला लावलं आणि आमच्या हातात वाटायला पेनं दिली. मी मागे जाऊन उभी राहिले. एक मुलगी गाता गाता फळ्यावरचं अर्धवट गणित वहीत उतरवत होती. हा कार्यक्रम रद्द करा, प्रवाशांचं काही अडणार नाही.

मग असल्या सहली करूच नयेत का? असं मी म्हणणार नाही. मालदीवमध्ये 1972पासून पर्यटन आहे, पण बरीच वर्षं ते वस्ती नसलेल्या बेटांवरच्या रिसॉर्टांपुरतं होतं. लोकवस्तीच्या बेटांवर साध्या अतिथीगृहांना वाट मोकळी झाली ती 2009च्या सुमारास, आणि मग प्रवाशाचा पैसा सामान्य बेटकऱ्याच्या दारापर्यंत येऊ लागला. प्रवासी येतात किती, यापेक्षा दार कुणाचं उघडतं यावर बरंच अवलंबून असतं.

परतल्यावर कंपनीला दोनच प्रश्न लिहून पाठवले: मालकीणबाईंचे पैसे मुक्काम संपताच का देत नाही, आणि ग्रामनिधीचा हिशेब गावात का लावत नाही? उत्तरादाखल अभिप्रायाचा फॉर्म आला. उशी मऊ होती का, हा त्यातला पहिला प्रश्न.

जाणार असाल तर शेवटचे दोन दिवस कंपनीच्या जेवणाला नाही म्हणा आणि वाटाड्याला सांगा. वहीबाहेरच्या एका घरी तो जेवणाची सोय करतो, पैसे तिथल्या तिथे द्यायचे. सुटे मात्र सोबत न्या, गावात मोड मिळत नाही.