चायना वॉच: नामांकित दैनिकाच्या घडीतून येणाऱ्या सरकारी पुरवणीचं परीक्षण

चायना वॉच स्टॉलवर वेगळी मागून मिळत नाही. वॉशिंग्टन पोस्ट, वॉल स्ट्रीट जर्नल, लंडनचा डेली टेलिग्राफ, सिडनी मॉर्निंग हेरल्ड अशा दैनिकांच्या घडीत घालून ती वर्षानुवर्षं वाचकाच्या हाती पडत आली. साधारण चार ते आठ मोठी पानं, स्वच्छ छपाई, उत्तम फोटो. मजकूर चायना डेली या चिनी सरकारी इंग्रजी दैनिकाचा, पैसेही त्याचेच. यजमान दैनिक फक्त आपल्या अंकात जागा देतं. पण जागेबरोबर त्या दैनिकाची पतही भाड्याने जाते, आणि या व्यवहारात खरी किंमत तिचीच आहे. म्हणून या पुरवणीचं मोजमाप करताना लेख किती चांगले लिहिलेत हे दुय्यम ठरतं. ती स्वतःची ओळख वाचकाला किती स्पष्ट सांगते, हे आधी तपासायला हवं.

चायना डेली 1981 पासून बीजिंगहून इंग्रजीत निघतं आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाच्या अखत्यारीत येतं. फेब्रुवारी 2016 मध्ये शी जिनपिंग यांनी पक्षाचं मुखपत्र पीपल्स डेली, वृत्तसंस्था शिन्हुआ आणि सरकारी दूरचित्रवाणी सीसीटीव्ही यांच्या कार्यालयांना भेटी दिल्या, तेव्हा पक्ष आणि सरकार चालवतात त्या माध्यमांचं आडनाव 'पक्ष' असलं पाहिजे, अशा आशयाची तंबीच त्यांनी दिली होती. तेव्हा संपादकीय स्वातंत्र्य आहे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मालकानेच उत्तर दिलेलं आहे.

ओळखपट्टीपासून सुरुवात करू. छापील पुरवणीत पहिल्या पानावर, नावाच्या आसपास किंवा पानाच्या तळाला, बारीक टाईपात एक ओळ असते: ही पुरवणी चायना डेलीने तयार केली आहे, यजमान दैनिकाच्या बातमी किंवा संपादकीय विभागाचा तिच्याशी संबंध नाही. अमेरिकेत वाटल्या जाणाऱ्या मजकुरावर आणखी एक ओळ लागते, ती म्हणजे अधिक माहिती वॉशिंग्टनच्या न्याय खात्याकडे उपलब्ध असल्याची. दोन्ही ओळी कायद्याला पुरतात, घाईत पान उलटणाऱ्याला पुरत नाहीत. चायना डेली हे नाव तटस्थ वाटतं. 'चीन सरकारने पैसे दिलेली जाहिरात' असे शब्द ठळक टाईपात कुठेच नसतात. पारदर्शकतेत छापील आवृत्तीला मी काठावर पास करेन.

वेबवरची आवृत्ती मात्र नापास. छापील पुरवणी निदान वेगळ्या घडीची असते, मधून काढून बाजूला ठेवता येते. वेबवर तोच लेख यजमान दैनिकाच्या पत्त्यावर दिसतो. लिंक कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली की मथळा, फोटो आणि दैनिकाचं नाव एवढंच पुढे जातं; 'प्रायोजित' ही पट्टी मागेच राहते. शोधयंत्रावरही ते नामांकित दैनिकाचं पान म्हणूनच वर येतं. टेलिग्राफच्या संकेतस्थळावर 2020 च्या सुरुवातीला कोरोनाविरुद्ध पारंपरिक चिनी औषधं उपयोगी ठरतात अशा सुराचा मजकूर या सदरात होता. साथीच्या काळात औषधाबद्दलचा असा दावा दैनिकाच्या नावाखाली फिरणं ही साधी चूक म्हणता येत नाही. त्याच वसंतात ते सदर टेलिग्राफच्या संकेतस्थळावरून हटवलं गेलं.

आता मजकूर. पुरवणीत सरसकट खोटं असतं असं समजून वाचणारा फसतो, कारण बहुतेक वाक्यं तपासली तर बरोबर निघतात. रेल्वेमार्गाची लांबी, बंदरातली उलाढाल, पांडांची संख्या, हस्तकलेचं गाव, हे सगळं खरं असू शकतं. सगळं काम निवडीतून होतं. शिनजियांग या वायव्य चीनमधल्या प्रदेशाची निसर्गदृश्यं आणि पर्यटनाचे आकडे येतात. तिथल्या नजरबंदी छावण्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 31 ऑगस्ट 2022 रोजी काय अहवाल दिला, ते येत नाही. वाढीची टक्केवारी 'गेल्या वर्षीच्या तुलनेत' एवढीच दिली जाते आणि मूळ आकडा गाळला जातो, त्यामुळे छोटी गोष्ट मोठी भासते. मोठा कर्जाऊ प्रकल्प असेल तर लांबी, रुंदी आणि उद्घाटनाची तारीख मिळते, पण व्याजदर आणि परतफेडीची मुदत मिळत नाही. सर्वात परिणामकारक क्लृप्ती म्हणजे परदेशी तज्ज्ञ. चिनी अधिकारी स्वतःची स्तुती करत नाही, ती एखाद्या युरोपीय किंवा आफ्रिकी प्राध्यापकाच्या तोंडी येते. त्या प्राध्यापकाची संस्था कोणाच्या पैशावर चालते हे शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं घालवावीतच.

एका अंकाचं उदाहरण घेतलं की यंत्रणा उलगडते. 23 सप्टेंबर 2018, रविवार. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या डे मॉइन रजिस्टर या दैनिकात चार पानांची चायना वॉच पुरवणी आली. त्याच जुलैत चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं होतं, आयोवा हे सोयाबीनचं आघाडीचं राज्य आहे, आणि 6 नोव्हेंबरला अमेरिकी संसदेच्या, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यात येणाऱ्या निवडणुका होत्या. पहिल्या पानाचा मुख्य लेख असा की सोयाबीनचा हा तंटा अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या मूर्खपणाचं फळ आहे. सोबत एका पुस्तकाबद्दलचा प्रसन्न मजकूर: शी जिनपिंग यांचे आयोवातले आनंदाचे दिवस. 1985 मध्ये ते हबेई प्रांतातल्या कृषी शिष्टमंडळाबरोबर तिथल्या मस्कटीन गावात राहिले होते, 2012 मध्ये पुन्हा आले होते. ही आठवण खरीच आहे. राग कोणावर धरायचा आणि माया कोणावर करायची, दोन्ही एकाच पुरवणीत, नेमक्या राज्यात, नेमक्या महिन्यात. तीन दिवसांनी ट्रम्प यांनी या पानांचे फोटो ट्विट केले आणि जी पुरवणी आयोवाबाहेर कुणी पाहिली नसती ती देशभर गाजली.

त्या अंकासाठी डे मॉइन रजिस्टरला मिळाले सुमारे 34,600 डॉलर. हा आकडा कुठून कळतो, हे सांगणं या परीक्षणाचा सर्वात उपयोगी भाग आहे.

अमेरिकेत 1938 चा परदेशी हस्तक नोंदणी कायदा आहे, संक्षेपाने 'फारा'. परदेशी सरकारसाठी जनमत घडवण्याचं काम करणाऱ्याने न्याय खात्याकडे नोंदणी करायची, दर सहा महिन्यांनी जमाखर्च द्यायचा आणि वाटलेल्या मजकुराची प्रत 48 तासांत जमा करायची. कागद सर्वांना मोफत पाहता येतात. फारा डॉट जीओव्ही उघडून नोंदींच्या शोधात जा. तिथे 'चायना वॉच' टाकलंत तर निराशा होईल. नोंदणी 'चायना डेली डिस्ट्रिब्यूशन कॉर्पोरेशन' या कंपनीच्या नावावर आहे. कंपनी सापडली की आधी एक्झिबिट ए हे जोडपत्र उघडा, त्यात परदेशी मालक कोण ते असतं. एक्झिबिट बीमध्ये कराराचं स्वरूप. पैसे पाहायचे तर 'सप्लिमेंटल स्टेटमेंट', म्हणजे सहामाही विवरण, आणि त्यातला खर्चाचा तक्ता. जुने कागद बरेचदा स्कॅन केलेले असतात, त्यात शब्द शोधता येत नाही, पानं नजरेखालूनच घालावी लागतात.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. चायना डेलीचा स्वतःचा अंकही अमेरिकेत छापला जातो, तोही तिथल्याच छापखान्यांतून. त्यामुळे खर्चात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: पुरवणीच्या जाहिरातीचे पैसे आणि छपाईचं बिल. छपाईचं बिल घेणाऱ्याने आपली पत भाड्याने दिलेली नसते. दोन्हींची बेरीज करून 'प्रचारासाठी इतके कोटी' असं लिहिलं की आकडा फुगतो आणि समोरचा तुम्हाला सहज खोडून काढतो. जून 2020 मध्ये बाहेर आलेल्या तपशीलवार विवरणांनुसार, नोव्हेंबर 2016 पासूनच्या साडेतीन वर्षांत एकूण खर्च 1 कोटी 90 लाख डॉलरच्या आसपास होता. त्यातला वर्तमानपत्री जाहिरातींचा भाग सुमारे 1 कोटी 10 लाख. वॉल स्ट्रीट जर्नलला जवळपास 60 लाख, वॉशिंग्टन पोस्टला 46 लाखांहून थोडे जास्त, न्यूयॉर्क टाइम्सला 50,000.

यजमान दैनिकाला मात्र ही नोंदणी करावी लागत नाही. मालकी किमान 80 टक्के अमेरिकी नागरिकांची असेल आणि परदेशी मालकाचा ताबा नसेल, तर वृत्तसंस्था सूट घेऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. पण त्यामुळे यजमानाच्या स्वतःच्या ताळेबंदात हे पैसे सामान्य जाहिरात-उत्पन्नात मिसळून जातात आणि वाचकाला एकाच बाजूचे कागद मिळतात, तेही पैसे देणाऱ्याचे.

या दैनिकांच्या बातमी विभागांवर मात्र अन्याय नको. पुरवणी छापणाऱ्या दैनिकांनीच शिनजियांगवर आणि चिनी नेत्यांच्या संपत्तीवर कडक शोधपत्रकारिता केली. मार्च 2020 मध्ये चीनने न्यूयॉर्क टाइम्स, वॉल स्ट्रीट जर्नल आणि वॉशिंग्टन पोस्ट यांच्या अमेरिकी बातमीदारांना घालवून दिलं. आधीच्या महिन्यात अमेरिकेने चायना डेलीच्या वितरण कंपनीसह पाच चिनी माध्यमसंस्थांना 'परदेशी दूतावाससदृश' दर्जा दिला होता. जाहिरात विभाग ज्यांचे पैसे घेत आला, त्यांनीच बातमीदारांना देशाबाहेर काढलं. देवाणघेवाणही एकतर्फीच राहिली: सप्टेंबर 2020 मध्ये चीनमधले अमेरिकी राजदूत टेरी ब्रॅन्स्टॅड, स्वतः आयोवाचे माजी गव्हर्नर, यांचा लेख पीपल्स डेलीने नाकारला. पैसे देऊनही ते पान मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात 2016 च्या करारानुसार सिडनी मॉर्निंग हेरल्ड, द एज आणि फायनान्शियल रिव्ह्यू यांच्यासोबत महिन्याला आठ पानं येत होती. तो करार 2020 च्या अखेरीस संपला.

याच गटातली बाकीची वर्तमानपत्रं थोडक्यात. ग्लोबल टाइम्स (इंग्रजी आवृत्ती 2009 पासून) पीपल्स डेलीच्या छत्राखालचं, आक्रमक आणि उघड. बीजिंगला कशाचा राग आला आहे हे लवकर कळायचं असेल तर चायना वॉचपेक्षा ते उपयुक्त, कारण ते दुसऱ्याच्या नावाआड येत नाही. सिंग ताओ हे 1938 पासूनचं हाँगकाँगचं दैनिक. त्याच्या अमेरिकी कंपनीने ऑगस्ट 2021 मध्ये फाराखाली नोंदणी केली. ते चिनी भाषेत असल्याने परदेशस्थ चिनी कुटुंबांच्या घरात थेट पोचतं, आणि चायना वॉच कधीच पोचली नसती अशा ज्येष्ठ वाचकांपर्यंत जातं.

उलट्या बाजूचं वर्तमानपत्र म्हणजे इपॉक टाइम्स. चीनने जुलै 1999 मध्ये फालुन गोंग या आध्यात्मिक पंथावर बंदी घातली. 2000 मध्ये त्या पंथाच्या अमेरिकेतल्या अनुयायांनी हे पत्र सुरू केलं. पंथाच्या लोकांवरच्या छळाची बातमीदारी इथे सातत्याने मिळते, आणि ती दुर्लक्षित करण्यासारखी नाही. पण चीनविरोध खरा म्हणून बाकीचं खरं, असा हिशेब इथे चालत नाही: 2020 ची अमेरिकी निवडणूक आणि कोरोना या विषयांवर या पत्राने निराधार दावे भरभरून पसरवले. 2019 मध्ये ट्रम्प समर्थनाच्या जाहिरातींवरून फेसबुकने त्याला जाहिरातबंदी केली. जून 2024 मध्ये त्याच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यावर किमान 6 कोटी 70 लाख डॉलरच्या गैरव्यवहाराचा आरोप ठेवला गेला. वृत्तसंकलनाशी या आरोपाचा संबंध नसल्याचं सरकारी वकिलांनीच स्पष्ट केलं. याचे पैसे तपासायला फारा उपयोगाचा नाही, ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. प्राप्तिकर खात्याकडे भरलेला फॉर्म 990 पाहा. तो सार्वजनिक असतो, मात्र वर्ष-दीड वर्ष उशिरा हाती येतो.

चायना वॉच कुणी वाचावी? चीनचा अभ्यास करणाऱ्याने जरूर. कोणत्या महिन्यात कोणत्या देशाला काय पटवायचं आहे, याची ती चांगली नोंदवही आहे. अंक हाती आला की तारीख आधी पाहा आणि पुढच्या सहा आठवड्यांत त्या ठिकाणी निवडणूक, शिखर परिषद किंवा व्यापार वाटाघाटी आहेत का ते शोधा. बातमी म्हणून वाचणाऱ्याने ती वगळावी, फोटो कितीही देखणे असोत.

जुने अंक गोळा करायचे असतील तर घाई करा. यजमान दैनिकांनी आपल्या संकेतस्थळांवरची ही पानं बऱ्याच ठिकाणी गाजावाजा न करता काढून टाकली आहेत आणि लिंका तुटल्या आहेत. मूळ पत्ता माहीत असेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर प्रत मिळण्याची शक्यता असते, पण फोटो बहुधा गळालेले असतात. अमेरिकेत वाटलेल्या अंकांसाठी न्याय खात्याकडे जमा झालेल्या प्रती हाच भरवशाचा मार्ग. त्या 'चायना डेली डिस्ट्रिब्यूशन कॉर्पोरेशन'च्या नावाखाली 'इन्फर्मेशनल मटेरियल्स' या गटात असतात, आणि त्यांवरची तारीख जमा केल्याची असते, छपाईची नाही.