डांबरी ताग: लाकडी नावेच्या सांध्यांसाठी आजही घ्यावा असा माल

नदीतल्या लाकडी नावेत पाणी येऊ लागलं की हल्ली पहिला हात जातो पॉलियुरेथेन सीलंटच्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी लेपाच्या, नळीकडे. नळी वाईट नाही. पण फळीला फळी भिडवून बांधलेल्या जुन्या नावेला डांबरी तागच मानवतो, म्हणजे पाइनच्या डांबरात भिजवून सांध्यात ठोकायचे तागाचे धागे. फळी पाणी प्यायली की रुंदीत फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे सांधा सतत उघडझाप करतो. ताग त्या दाबाखाली घट्ट होतो. शिवाय खराब झाला तर आकड्यानं उपसून काढता येतो, फळीची कड शाबूत राहते.

विकत घेताना पेंडी हातात घेऊन पाहा. धागा लांब हवा, ओढल्यावर पटकन तुटता कामा नये. पाइनच्या डांबराचा धुरकट वास आला पाहिजे. बोटांना चिकटावं, पण थेंब गळू नयेत. नळजोडणीचा कोरडा ताग स्वस्त पडतो म्हणून तोच उचलला जातो. त्यात डांबर नसल्यानं तो गोड्या पाण्यात कुजतो, आणि गोडं पाणी कुजवण्यात खाऱ्यापेक्षा पुढेच असतं. एकेकाळी इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांकडून जुने दोर पिंजून डांबरी ताग काढून घेत; तो आता नव्या धाग्यापासूनच बनतो.

साधारण 25 मिमीपेक्षा पातळ फळीला ताग जाड पडतो, तिथे नुसत्या कापसाचा पेळू पुरतो. जाड फळीत आधी कापूस, वरून ताग.

माल कितीही चांगला असला तरी सांधा चुकीचा असेल तर उपयोग शून्य. सांधा आतल्या बाजूला घट्ट भिडलेला आणि बाहेर इंग्रजी ‘व्ही’सारखा उघडा हवा. 25 मिमी फळीला बाहेरची फट दीड-दोन मिमी बास. आतूनही फट असेल तर ठोकलेला कापूस सरळ नावेत उतरतो. अशा जागी जास्त ताग कोंबणं हा उपाय नव्हे, फळी किंवा पट्टी बदलावी लागते.

ठोकण्याचं हत्यार म्हणजे बोथट, रुंद तोंडाची पटाशी आणि लांब डोक्याची लाकडी मोगरी. जुन्या कारागिरांच्या मोगरीच्या डोक्यात आरपार चिरा असत, त्यामुळे ठोका खणखणीत वाजे. ताग पुरेसा बसला की आवाज बदलतो, आणि जाणता हात त्या आवाजावरच थांबतो. लोखंडी हातोडीला हे कळत नाही. हौशी माणसाच्या हाती ती दिली की निम्मं काम जोरावरच होतं. पेड सलग ताणून घालू नका. छोट्या घड्या पाडत सांध्यावर मांडा. फट रुंद तिथे घड्या दाट, अरुंद तिथे विरळ. आधी सगळ्या घड्या हलक्या हातानं आत सरकवा, मग दुसऱ्या फेरीत ठोका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे महिनोन्महिने उन्हात वाळलेल्या नावेत ताग गच्च ठोकणं. पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगतात, त्यांना सरकायला जागा नसते, मग खिळे उपटतात नाहीतर बरगड्या तडकतात. आणि एकमेकींवर चढवून जोडलेल्या फळ्यांच्या नावेत तर ताग घालूच नये. तो पाचरीसारखा फळ्या फाकवतो.

ताग बसल्यावर सांध्याला रंगाचा हात, मग पुट्टी, म्हणजे रंगाऱ्यांची लांबी. खडूची पूड आणि जवसाचं तेल एवढ्यावर ती होते. पूर्वी तीत शेंदूर घालत. तो शिशाचा, विषारी, त्यामुळे टाळलेला बरा. चिनी नावांवर हेच काम तुंग तेल, चुना आणि तागाचा लगदा करतो. लांबी फळीच्या पातळीहून किंचित खोल ठेवा, फुगल्यावर ती बाहेर येतेच. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

सीलंटची जागा डेकवर. तिथलं लाकूड तासातासाला भिजतं-वाळतं, आणि रबरासारखा ताणणारा सांधा तिथे तागाला मागे टाकतो. अट एवढीच की लाकूड कोरडं हवं आणि सांध्याच्या तळाला न चिकटणारी पट्टी हवी. तीन बाजूंनी चिकटलेलं सीलंट ताण आला की फाटतं. डांबर-तेल मुरलेल्या जुन्या तळाच्या फळीला ते धरतच नाही. धरलंच, तर पुढच्या दुरुस्तीला सुरीनं कापताना फळीची कड जाते.

काम झाल्यावर नाव सोडली की पहिले एक-दोन दिवस पाणी येणारच, पंप हाताशी असू द्या. फळ्या फुगल्या की ते आटतं. चार दिवसांनीही एकाच ठिकाणी धार दिसली तर सांध्यात पुन्हा ताग भरण्याआधी जवळच्या खिळ्याचं भोक तपासा.