50 मेश सांगून 25 मेशची जाळी माथी मारली

परसबागेसाठी इन्सेक्ट नेट, म्हणजे किडी अडवणारी बारीक जाळी, घ्यायला निघालेल्या मराठवाड्यातल्या प्रत्येकाने हे वाचावं. मोंढ्यातल्या एका दुकानदाराने मला 50 मेशची म्हणून निम्म्या मेशची जाळी दिली (मेशचा आकडा जितका मोठा तितकी वीण बारीक) आणि टोमॅटो-भेंडीचा अख्खा हंगाम हातचा गेला.

काउंटरवर दाखवलेला तुकडा खरंच बारीक विणीचा होता. "ताई, पांढऱ्या माशीचं नाव काढू नका, पाच वर्षं बघायला नको," असं तो म्हणाला. माल मात्र आतल्या गोदामातून आला, घडी घालून, पिशवीत बांधून. बिलावर फक्त 'जाळी', मीटर आणि रक्कम.

वाफ्यावर कमानी रोवून जाळी ताणली, कडा मातीत दाबल्या. तरी भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या, टोमॅटोची पानं चुरडली. भेंडीचा केवडा आणि टोमॅटोचा बोकड्या हे दोन्ही विषाणूजन्य रोग, आणि दोन्ही पांढरी माशीच पसरवते. झाडाला एकदा लागण झाली की औषध नाही, उपटूनच टाकावं लागतं. झाड हलवलं की जाळीच्या आतच माश्या उडत होत्या. शेवटी जाळीवर पट्टी ठेवली, मोबाइलने जवळून फोटो काढला आणि धागे मोजले. सेंटीमीटरला 10.

मेश म्हणजे एका इंचात, म्हणजे 2.54 सेंटीमीटरमध्ये, किती भोकं. 50 मेशला सेंटीमीटरमागे 20 च्या आसपास धागे हवेत. काही जाळ्या एका बाजूने 50 आणि दुसऱ्या बाजूने 25 अशा विणलेल्या असतात, म्हणून उभे-आडवे दोन्ही मोजा. माझ्या जाळीत दोन्हीकडे 10 च. एवढ्या भोकातून फळमाशी किंवा कोबीवरचा पतंग येत नाही, पांढरी माशी सहज येते. फुलकिडे तर इतके बारीक की 50 मेशलाही ते पुरते अडत नाहीत. अडतात असं कुणी छातीठोक सांगितलं तर तिथेच सावध व्हा.

जाब विचारला तर म्हणे, "बिलावर 50 मेश कुठं लिहिलंय?" बिल कोरं ठेवलं होतं ते याचसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याचा आणखी एक सल्ला घातक होता: दोडका, कारलं, काकडी कायम झाकून ठेवा. या वेलांची नर-मादी फुलं वेगळी, मधमाशीशिवाय फळ धरत नाही. फुलोऱ्यात जाळी उघडावीच लागते, नाहीतर हाताने परागीकरण करायचं. कारल्या-काकडीचं सकाळी, दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्याची फुलं तेव्हाच उमलतात.

म्हणून जाळी डोळ्यांसमोर कापून घ्या, कापलेल्या तुकड्यावरच धागे मोजा, आणि मेश, यूव्ही प्रक्रिया (उन्हाने जाळी लवकर खराब होऊ नये म्हणून केलेली), रुंदी हे सगळं बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसती कोबी लावायची असेल तर 50 मेशची गरजही नाही. बारीक जाळीत वारा कमी खेळतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात आत भट्टी होते. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवड्याला प्रतिकारक म्हणून काढलेला 'परभणी क्रांती' वाण विचारून बघा.

मी दुकानातल्या तुकड्याचा आणि जाळीचा फोटो, बिल जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही.